पाळणाघरात मुलांचा गोंगाट कसा आवरायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन बीएचके फ्लॅट, तिसरा मजला, दीड वर्षापासून सात वर्षांपर्यंतची नऊ मुलं, मदतीला एक मावशी त्याही फक्त दोन वाजेपर्यंत, खालच्या आजोबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार केलीये आणि दिवसभर "हळू बोला, हळू बोला" करून संध्याकाळी तुमचाच घसा बसतो. आणि शेवटी विचारलंय की मी शिस्त लावायला कमी पडतेय का आणि मुलं कमी करू का. मी डोंबिवलीत बरीच वर्षं पाळणाघर चालवते, तेही सोसायटीतल्याच फ्लॅटमध्ये, त्यामुळे हे सगळं अगदी जवळून माहितीये, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी शिस्तीचं बोलू. लहान मुलं जमली की आवाज होणारच, पण तो नको इतका वाढतो त्यात मुलांच्या स्वभावाचा वाटा थोडा असतो. बाकीचा आवाज खोलीमुळे वाढतो, दिवसाच्या आखणीमुळे वाढतो आणि आपण मोठी माणसं जे आवाज करतो त्यामुळे वाढतो. या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत. मुलाचं वय आपल्या हातात नाहीये. दोन वर्षाच्या मुलाला दिवसभर हळू बोलायला लावणं कुणालाच जमणार नाही, तुम्हालाही नाही मलाही नाही, तेव्हा मी कमी पडतेय हे मनातून काढूनच टाका.

सुरुवात आपल्यापासून करा कारण त्याला पैसे लागत नाहीत. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, एतिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये तो मांडला. लहान मुलांमध्येही तेच होतं. म्हणजे हॉलमध्ये टीव्हीवर कार्टून चालूये, आत मिक्सर चालूये, वरचा पंखा खडखडतोय आणि त्यावरून तुम्ही "गप्प बसा रे" म्हणून ओरडलात की मुलं तुमच्या ओरडण्याच्याही वर जाऊन बोलणार, कारण त्यांना एकमेकांचं ऐकू यायला हवं असतं, त्यात उद्धटपणा काही नसतो. म्हणून मुलं यायच्या आधी चटणी-मसाला वाटून घ्या, कुकर लावून मोकळ्या व्हा, आणि टीव्ही बंद म्हणजे बंदच, 'मागे चालू असू दे बिचारा' असंही नको. मोबाईलवर बडबडगीतं लावून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, त्या आवाजात मुलं शांत बसलेली दिसतात पण बंद केल्याबरोबर दुप्पट जोरात सुरू होतात हे तुम्ही बघितलंच असेल. पंख्याला तेल-ग्रीस करून घ्या किंवा बदलाच, खरंच फरक पडतो.

आणि लांबून हाक मारणं बंद करा. किचनच्या दारातून "ए, खाली उतर सोफ्यावरून" असं ओरडलं की एका मुलासाठीचं वाक्य नऊ जणांना ऐकावं लागतं आणि असं दिवसभर चाललं की मुलं आपला आवाज ऐकायचाच सोडून देतात. चालत जायचं, त्याच्या शेजारी उकिडवं बसायचं, खांद्यावर हात ठेवायचा, नाव घ्यायचं आणि हळू आवाजात एकच वाक्य बोलायचं. पहिले आठ-दहा दिवस पाय दुखतात, नंतर जावं लागणं आपोआप कमी होतं. सगळ्यांना एकदम सांगायचं असेल तेव्हा एक खूण ठरवून ठेवा. माझ्याकडे टाळ्यांची आहे, मी दोन हळू तीन जलद वाजवते आणि मुलांनी तशाच वाजवून दाखवायच्या, म्हणजे हात गुंततात आणि तोंड बंद होतं. कुणी छोटी घंटी वापरतं, कुणी ट्यूबलाइट एकदा बंद-चालू करतं, काहीही चालेल, शिट्टी मात्र नको, ती कानाला वाईट आणि इमारतभर जाते. खूण एकदाच करायची आणि थांबायचं, लगेच पुन्हा करायची नाही. दिवसातून चार-पाच वेळाच करायची, जेवण, बाहेर जायचं, आवराआवर अशा खऱ्या कामांसाठी, नाहीतर महिन्याभरात तिलाही कुणी विचारत नाही.

आता वेळापत्रक, कारण माझ्या मते निम्मा गोंगाट इथे आहे. एक वही घ्या आणि आठवडाभर फक्त एवढंच लिहा की आवाज किती वाजता वाढला आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. बहुतेक पाळणाघरांत दोन शिखरं दिसतात, एक शाळेच्या व्हॅनमधून मुलं येतात तेव्हा साडेबारा ते सव्वाच्या मध्ये, आणि दुसरं संध्याकाळी साडेपाचपासून आई-बाबा न्यायला येईपर्यंत. पहिल्याचं कारण भूक आणि वाट बघणं. मूल शाळेत चार-पाच तास बसून आलेलं असतं, डबा अर्धवट खाल्लेला असतो, आणि आपण त्याला सांगतो बूट काढ, हात धू, युनिफॉर्म बदल, आणि बेसिनपाशी रांगेत उभं राहा. रांगेत उभ्या मुलाला करायला काहीच नसतं म्हणून तो पुढच्याला ढकलतो, मग तो किंचाळतो, मग मावशी ओरडतात, आणि नेमकं तेव्हाच दीड वर्षाचं बाळ झोपायला आलेलं असतं. तेव्हा रांगच काढून टाका. व्हॅन यायच्या आधी ताटं वाढून तयार ठेवा, निदान काकडीचे काप, केळं, दाण्याचा लाडू असं काहीतरी हातात द्यायला ठेवा. दोघा-दोघांना हात धुवायला पाठवा, बाकीचे तोवर बसून खातायत किंवा चटया घालतायत. सहा-सात वर्षांच्यांना कामं द्या, ताटं मांडणं, पाणी भरणं, धाकट्यांचे बूट जोडीनं लावणं, त्यांना ती खूप आवडतात. एवढ्या एका बदलानं दुपारचा आवाज बराच उतरतो.

संध्याकाळचं वेगळं असतं. मुलं दमलेली असतात आणि दर बेलला सगळी दाराकडे धावतात, "माझी आई?" म्हणून, आणि जिची आई नसते तिचा चेहरा पडतो आणि मग तिची चिडचिड सुरू होते. आमच्याकडे तर लोकल लेट झाली की अर्ध्याहून जास्त पालक अडकतात, पावसाळ्यात फारच. त्या वेळेसाठी म्हणून एखादी खास गोष्ट राखून ठेवा जी दिवसभर निघतच नाही. मी हळद घातलेली कणीक देते खेळायला, कधी बाल्कनीच्या फरशीवर ब्रश आणि पाणी, कधी पाटी आणि ओले खडू. हात ओले किंवा मऊ गोष्टीत असले की मुलं आपोआप हळू बोलतात. आणि प्रत्येकाला आधीच सांगून ठेवायचं की आधी याचे बाबा येतील, मग तिची आजी, मग तुझी आई. वेळ कळत नसली तरी क्रम त्यांना नीट कळतो. पालकांनाही सांगा की खाली पोचलात की एक मिस्ड कॉल द्या, बेल वाजवू नका, आणि जिन्यात उभं राहून गप्पा मारू नका, आत येऊन बोला, कारण जिन्यातला आवाज सगळ्या मजल्यांवर घुमतो आणि त्याची तक्रारही तुमच्याच नावावर जाते.

आता खोली. तुमच्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर मागे खणखण राहिली तर समजा की मुलांचा प्रत्येक आवाज ती खोली लांबवतेय. व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत भिंती, काचेच्या खिडक्या आणि सामान हलवून रिकामी केलेली जागा, पाळणाघरासाठी आपण हॉल मोकळा करतो तिथेच हे सुरू होतं. अमेरिकेत हार्वर्डमध्ये १८९५ मध्ये वॉलेस सबाइन नावाच्या प्राध्यापकांना एका लेक्चर हॉलची हीच तक्रार सोडवायला दिली होती, तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. त्यांनी शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये मांडून मांडून मोजलं की मऊ वस्तूंनी घुमणं किती कमी होतं. आपल्यालाही तेच करायचंय, गाद्या आपल्या घरच्या. जाड सतरंजी, त्यावर गोधडी, खिडक्यांना जाड कापडाचे चुण्यांचे पडदे, दुपारी झोपायच्या गाद्या गुंडाळून कपाटात कोंबण्यापेक्षा भिंतीला टेकवून उभ्या ठेवा, पुस्तकांचं उघडं शेल्फ ठेवा. मग पुन्हा टाळी वाजवून बघा, तुम्हालाच कळेल. अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल लावायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, त्यानं फारसं काही होत नाही आणि दोन्ही पटकन पेट घेतात, मुलांच्या घरात तर अजिबात नकोत.

पण एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. सतरंजी-पडद्यांनी तुमच्या खोलीतला कल्ला कमी होतो, खालच्या आजोबांना जो त्रास होतो तो बहुतेक वेगळा असतो. बोलण्याचा आवाज स्लॅबमधून तितका खाली जात नाही, खाली जातं ते धपधप. उड्या, पळणं, लाकडी ठोकळे पडणं, स्टूल ओढणं, स्टीलची वाटी फरशीवर गरगरणं, हे सगळं थेट स्लॅबला बसतं. त्याला उपाय फरशी आणि पायांच्या मध्येच लागतो. जोडून जोडून घालायच्या त्या जाड ईव्हीए म्हणजे फोमसारख्या मऊ मॅट मिळतात, पातळ घेऊ नका, त्या घाला आणि वर सतरंजी. खुर्च्या-स्टुलांच्या पायांना फेल्टचे गोल तुकडे किंवा कापलेले जुने टेनिस बॉल लावा. ठोकळ्यांचा खेळ गोधडीवरच. चाकाच्या गाड्या, ढकलगाडी, स्केटिंग हे सगळं घरात बंद, पार्किंगमध्ये किंवा बागेत. चेंडू कापडाचा. ताटं मांडायला खाली जाड कापड घाला, आणि स्टील सोडून प्लॅस्टिकच्या मागे लागायची गरज नाही.

आणि सगळ्यात उपयोगाचं, आजोबा कुठल्या खोलीत झोपतात ते जाऊन विचारा. सोसायटीत वरखाली सगळ्या मजल्यांचा नकाशा बहुधा एकच असतो, म्हणजे त्यांची बेडरूम तुमच्या बेडरूमच्या बरोबर खाली असणार. कितीतरी जणी हॉल पाहुण्यांसाठी नीट ठेवतात आणि आतल्या बेडरूमला मुलांची खेळायची खोली करतात, म्हणजे नेमकं दुपारी त्या माणसाच्या डोक्यावर उड्या. खेळ हॉलमध्ये आणा आणि मुलांच्या झोपेची खोली आजोबांच्या झोपेच्या खोलीवर ठेवा, दोन्हीकडे एकाच वेळी शांतता. खिडक्यांचं म्हणाल तर आवाज जास्त असलेल्या वेळी ज्या बाजूला शेजाऱ्यांची खिडकी अगदी समोर असेल तेवढीच लावा, सगळ्या कधीच बंद करू नका, नऊ मुलं आणि दोन मोठी माणसं असलेल्या खोलीत हवा खेळती राहिलीच पाहिजे. मेन डोअरच्या खालच्या फटीत कापडाची गुंडाळी सरकवली की जिन्यात जाणारा आवाजही कमी होतो.

नऊ मुलं एका खोलीत ठेवू नका, हेही सांगते. पाच आणि चार अशी दोन खोल्यांत विभागली की प्रत्येकाला कमी आवाजावर बोलावं लागतं, म्हणून एकूण आवाज नुसत्या हिशोबापेक्षा जास्त उतरतो. एका खोलीत हालचालीचा खेळ, दुसरीत बसून करायचं काम, अर्ध्या तासानं अदलाबदल. मावशी असतात त्या वेळात हे सहज जमतं.

दुसरीकडे मुलांच्या अंगातली धावपळ कुठेतरी निघालीच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलंय की एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी. फ्लॅटमध्ये बसून ते होत नाही, आणि न झालेली हालचाल तोंडातून बाहेर पडते. सकाळी ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मुलांना खाली न्या, अर्धा अर्धा तास तरी. मामाचं पत्र हरवलं, डोंगराला आग लागली, विषामृत हे सगळे ओरडायचे खेळ तिथे खेळू द्या, आणि स्पष्ट सांगा की इथे हवं तेवढं ओरडा. मुलांना ओरडायला एक जागा आणि वेळ मिळाली की घरात थांबणं त्यांना सोपं जातं. पावसाळ्यात चार महिने अडचण होते, तेव्हा गादीवरून लोळत जाणं, उशांच्या खालून सरपटणं, मोठ्यांना सूर्यनमस्कार, स्टॅच्यू, आणि 'शिवाजी म्हणतो' पण फक्त कुजबुजत खेळायचा, सूचना ऐकू यायला मुलं श्वास रोखून बसतात.

वयाप्रमाणे अपेक्षा वेगळी ठेवा. दीड वर्षाचं मूल किंचाळतं कारण त्याला आपल्याच आवाजाचा शोध लागलेला असतो किंवा शब्द नसतात, त्यावर हसू नका, दचकू नका, रागवू नका, शांतपणे त्याला काय हवंय तो शब्द बोलून दाखवा, "पाणी हवंय? पाणी." दोन-तीन वर्षांच्याला 'ओरडू नको' म्हटलं की काय करू नये एवढंच कळतं, त्याला "माझ्या कानात सांग" म्हणा आणि खरंच कान पुढे करा. चारच्या पुढे मात्र आवाज कमीजास्त करणं खेळातून छान शिकवता येतं. मुंगीचा आवाज, मांजराचा आवाज, हत्तीचा आवाज असं आम्ही करतो, तेच वाक्य तिन्ही आवाजांत म्हणायचं. मग घरात मांजराचा, बाळ झोपलेलं असताना मुंगीचा आणि बागेत हत्तीचा, असं नुसतं नाव घेतलं तरी पुरतं, रागवायची वेळ येत नाही.

आणखी एक खेळ आवर्जून करा, माँटेसरी पद्धतीतला शांततेचा खेळ. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी माँटेसरीचे विचार आपल्याकडच्या मुलांच्या परिस्थितीत बसवले, बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शेजारपाजारच्या साध्या वस्तू घेऊन काम केलं, त्यामुळे हे महागड्या शाळांचं काहीतरी आहे असं समजू नका, याला काहीच सामान लागत नाही. पडदे ओढायचे, सगळ्यांनी आरामात बसायचं, डोळे मिटायचे आणि काय काय ऐकू येतं ते ऐकायचं. पंखा, कावळा, लांबची रिक्षा, खाली कुणीतरी कपडे धुतंय. सुरुवातीला अर्धा मिनिट पुरे. मग तुम्ही पलीकडच्या खोलीत जाऊन अगदी हळू एकेकाचं नाव घ्यायचं आणि ज्याचं नाव येईल त्यानं आवाज न करता चवड्यांवर चालत तुमच्याकडे यायचं. सगळ्यात दंगेखोर मूल यात सगळ्यात मन लावून बसतं. हा खेळ शिक्षा म्हणून कधीही वापरायचा नाही, गोंधळ चालू असताना तर नाहीच. मुलं आधीच बऱ्यापैकी निवांत असतील तेव्हा करायचा.

दुपारच्या झोपेबद्दल. जेवणानंतर लगेच "झोपा" म्हटल्यानं कुणी झोपत नाही. तोंड-हात धुऊन, पडदे ओढून, गोष्ट सुरू करा नेहमीच्या आवाजात आणि दर दोन-तीन वाक्यांनी आवाज थोडा थोडा खाली आणत जा, शेवटी जवळजवळ पुटपुटण्यापर्यंत. मुलांच्या झोपायच्या खोलीत ३० डेसिबलच्या आसपासच आवाज असावा असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये म्हटलं होतं, रस्त्यावरच्या आपल्या इमारतींत ते कठीण आहे, म्हणून एकसारखी घरघर असलेला पंखा बरा पडतो, त्यात मधला हॉर्न किंवा भाजीवाल्याची हाक दबते. बेलचा स्विच बंद आणि दारावर चिठ्ठी. चार-पाच वर्षांच्या पुढची काही मुलं दुपारी झोपतच नाहीत, त्यांना जबरदस्तीनं पाडून ठेवलं की ती सगळ्यांना उठवतात. त्यांच्यासाठी प्रत्येकाच्या नावाची कापडी पिशवी करा, त्यात चित्रांचं पुस्तक, रंग, ओवायचे मोठे मणी, आणि ती फक्त त्याच वेळी मिळते. मणी मात्र धाकट्यांच्या हाती लागू देऊ नका.

एखादं मूल सतत, सगळ्यांपेक्षा जोरात बोलत असेल तर वागणुकीच्या आधी कानाचा विचार करा. सर्दी झाल्यावर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहणं लहान मुलांत खूपच कॉमन आहे, दुखत नाही त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ऐकू कमी येतं म्हणून मूल जोरात बोलतं. मागून हाक मारली तर वळत नाही, सारखं "काय?" विचारतं, टीव्हीच्या अगदी जवळ जातं, तोंड उघडं ठेवून झोपतं, असं काही दिसलं तर पालकांना बाजूला घेऊन तुम्ही काय काय पाहिलंत तेवढंच सांगा, आजार कुठला ते आपण ठरवायचं नाही, बालरोगतज्ज्ञ किंवा ईएनटी म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दाखवून घ्या म्हणायचं. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांतून श्रवणदोषाची तपासणी होते, आणि मुंबईच्या बाजूला असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. उलट कुकरची शिट्टी झाली की कान झाकून रडणारं मूलही असतं, त्याला कोपऱ्यात उशा आणि ओढणीचा छोटा तंबू करून द्या, हवं तेव्हा आत जाऊन बसेल.

काय करायचं नाही हे मला ठासून सांगायचंय, कारण आवाजाला कंटाळून लोक नको त्या थराला जातात. बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत कोंडणं नाही, तोंडावर पट्टी किंवा हात दाबणं नाही, 'बुवा येईल, पोलीस येतील, आई न्यायला येणार नाही' नाही. आणि झोप लागावी म्हणून सर्दीचं सिरप कधीच नाही, एक चमचासुद्धा नाही, लहान मुलाच्या श्वासावर त्याचा परिणाम होऊ शकतो. सांभाळायला दिलेल्या मुलाला असं क्रूरपणे वागवणं बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. मावशी नवीन असतील तर त्यांनाही पहिल्याच दिवशी हे समजावून सांगा. आणि पाळणाघर दिवसभर एकदम गप्प असेल तर मला तरी काळजी वाटते. खेळताना बडबड, हसणं, भांडण-समेट हे व्हायलाच हवं. अचानक शांत झालं की उठून बघायचं, आणि पूर्वी बोलणारं मूल गप्प झालंय का याकडेही लक्ष ठेवायचं.

आता आजोबा. मीटिंगमध्ये किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर देऊ नका, त्यांच्या घरी जा. कायद्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ध्वनी प्रदूषण नियम २००० मध्ये, पण मोबाईलच्या ॲपवर आकडा दाखवून वाद घालायला जाऊ नका, तो परिसराच्या आवाजाचा नियम आहे आणि त्यानं त्यांची दुपारची झोप परत येणार नाही. त्यांना विचारा की सगळ्यात जास्त त्रास किती वाजता होतो, कुठल्या खोलीत, कसला आवाज. मग तुम्ही काय बदलताय ते सांगा, तुमचा फोन नंबर द्या आणि म्हणा की त्रास झाला तर थेट मला फोन करा. फोन आला की "मुलंच ती, करणार" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका, "आत्ता बघते काका" एवढंच, आणि खरंच बघायचं. त्यांच्या घरी कुणी आजारी असेल किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये इमारतीत कुणाची दहावी-बारावी असेल तर तेवढे दिवस जास्त वेळ बाहेर काढा.

आणि मुलांना घेऊन जा त्यांच्याकडे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला, दिवाळीत मुलांनी रंगवलेल्या पणत्या द्यायला, दोघा-तिघांनाच न्या. ज्यांना मुलांनी पाहिलंय, ज्यांनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवलाय, त्या आजोबांसाठी मुलं खरोखर चवड्यांवर चालतात. "खाली आजोबा झोपलेत" या वाक्याला मग अर्थ येतो. पूर्वी ते नुसतं आपलं काहीतरी कारण असतं.

तुमच्या घशाचं पण बघा. दिवसभर घोट घोट पाणी प्या, मुलं झोपतात तेव्हा फोनवर गप्पा मारू नका, तेवढा वेळ घशाला सुट्टी. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला तर ईएनटीकडे जाच. कानांनाही जपा, कानाजवळ किंचाळणारं मूल १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतं, रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेताना सारखा एकच कान त्याच्याकडे ठेवू नका, बाजू बदलत राहा.

मुलं कमी करू का, याचं माझं उत्तर आत्ता लगेच नाही असं आहे. आधी मावशींच्या वेळा बदलून बघा. तुमच्या खऱ्या गर्दीच्या वेळा साडेबारा ते अडीच आणि पाच ते सात आहेत, तेव्हा त्या हव्यात, सकाळी तीन-चार लहान मुलं असतात तेव्हा एकटीनं निभावतं. पगार थोडा वाढवून द्यावा लागला तरी द्या, एका मुलाच्या फीपेक्षा तो कमीच पडेल. आणि पुढच्या जूनमध्ये ॲडमिशन घेताना आकड्यापेक्षा वयाकडे बघा. दोन वर्षांखालची तीन आणि सात वर्षांची तीन असं मिश्रण दोन खोल्यांच्या घरात अवघड जातं, धाकट्यांची झोप आणि मोठ्यांची शाळेतून सुटून आल्यावरची धमाल एकाच वेळी येते. एक वयोगट ठरवा, तीन ते सात ठेवा किंवा दीड ते चार, आणि दुसऱ्या गटाच्या पालकांना जवळच्या एखाद्या चांगल्या पाळणाघराचं नाव सांगा, त्यांच्याकडूनही तुम्हाला मुलं येतील.